उजव्या पायाला बंदी

अहेरीच्या शाळेत फुटबॉल शिकवणाऱ्या दादाजी मास्तरांना एकच ध्यास होता : पोरांचे दोन्ही पाय सारखे चालावेत. कॉलेजात असताना नागपूरच्या अंतिम सामन्यात, मोकळ्या गोलासमोर, चेंडू त्यांच्या डाव्या पायाशी आला होता. आणि तो पाय परक्या माणसासारखा नुसता उभा राहिला होता. म्हणून ते पोरांच्या उजव्या पायाला तरट गुंडाळून सुतळीने आवळीत. तो पाय चेंडूला लागला, की चांद्याला होणाऱ्या सामन्याच्या यादीतून त्या पोराचे नाव गेले.

डोमाचा लच्छू साऱ्यांत मंद. पण पंधरवड्यात त्याचा डावा पाय असा खुलला, की मास्तर पाहतच राहिले. उजवा तो जमिनीला जेमतेम टेकवी.

"काऊन बे, उजवा मामाच्या घरी ठिवून आला काय?" मुखरू चिडवी.

"तू आपला डावा पाह्य ना. बैलावानी लाथा मारून राह्यला!" लच्छू हसे.

"याच्याकडून शिका," मास्तर म्हणत. इतर पोरे खेळ संपताच तरट भिरकावत. लच्छू ते बांधूनच घरी जाई. मास्तरांना ती निष्ठा वाटली. पुढे वास येऊ लागला, तेव्हा ओल्या तरटाचा असेल, असे त्यांनी स्वतःला समजावले. सामना आठवड्यावर आला होता, आणि त्यांना दुसरे काही पाहायचेच नव्हते.

त्यानंतर चौथ्या दिवशी लच्छू मैदानावर कोसळला. मास्तरांनी सुतळी कापली. तळव्यात बांबूची कपची शिरून तिथेच मोडली होती. काळेपणा घोट्याच्या वर चढला होता. बापाबरोबर बांबू तोडताना लागले होते. सांगितले असते, तर नाव गेले असते. आणि त्या पायाचे तसेही काम नव्हते.

चांद्याला ते पोचले, ते दवाखान्यात. गुडघ्याखाली कापावे लागेल, असे डॉक्टर म्हणाले. लच्छूचा बाप डोमा भिंतीशी उकिडवा बसला होता.

"तुमी सांगतलं तसंच केलं जी पोरानं," तो एवढेच बोलला. त्याने शिवी दिली असती, तर मास्तरांना ती आधारासारखी धरता आली असती.

लच्छूला अजून कोणी काही सांगितले नव्हते. तापाने चकाकणारे डोळे त्याने मास्तरांकडे वळवले.

"गुर्जी, उजवा एकडाव बी नाई लागू देल्ला. नाव हाय ना माह्यं?"

"आहे," मास्तर म्हणाले, आणि दोघा जणांनी त्याला खाटेसकट उचलून आत नेले.