घट्ट पाणी

आमच्या गावात माझं नाव काय पडलं, तं सासऱ्याले पाणी न देणारी सून. सडक अर्जुनीच्या बाजारात भाजी घ्यायले गेली तरी बायका विचारतात, "काऊन मंजू, म्हाताऱ्याले तहानेनं मारतेस का?" आता कोणाकोणाच्या तोंडाले लागू?

माझे सासरे, जागेश्वर मामाजी, यांले मागच्या साली लकवा मारला. हातपाय थोडे सुधारले, घसा काही सुधारला नाही. पातळ पाणी पोटात जायचं सोडून श्वासाच्या नळीत जाते. त्यातून एकदा निमोनिया झाला. पुन्हा झाला तं हाती काही राहणार नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं.

गोंदियाच्या दवाखान्यात चेतना मॅडम आहेत, त्या गिळायचं शिकवतात. पाण्यात तांदळाची पेज घोटून घट्ट करा, ताठ बसवा, हनुवटी खाली करून एकेक चमचा द्या, असं त्यांनी शिकवलं. वर म्हणाल्या, "लकव्यानंतर कितीतरी लोकांना हे होतं. म्हातारपणी तसंही होतं. घरोघरी आहे, कोणी सांगत नाही एवढंच."

घरोघरी म्हणे! मले तं वाटे, अख्ख्या जिल्ह्यात आमचंच एक घर आहे.

दिवाळी झाली की भाऊबीजेले गावची मंडई, म्हणजे जत्रा. मंडईच्या दिवशी पाहुण्यांनी घर असं भरते की पाय ठेवायले जागा नाही. मामाजींची बहीण जमुनाबाई तिरोड्यावरून आली. मामाजींकडून जाणं होत नाही, म्हणून भाऊबीज आमच्याच घरी. मी तिले दारातच बजावलं, "आत्याबाई, टिळा लावा, ओवाळा, पण तोंडात काही घालू नका. पाणी तं नाहीच नाही."

"हो बाई, हो," ती म्हणाली.

मी चुलीजवळ वडे तळून राहिली होती, तेवढ्यात ठसका ऐकू आला. धावत गेली तं आत्याबाईच्या एका हातात अर्धी करंजी, दुसऱ्या हातात लोटा! मामाजी खोकून खोकून निळे पडले होते. माझा नवरा वीरेंद्र नुसता पाठीवरून हात फिरवून राहिला होता. आणि आत्याबाई काय म्हणते? "कोणीतरी आठवण काढून राहिलं दादाची."

माझं डोस्कंच फिरलं. मामाजींले पुढे वाकवलं, तोंडातले तुकडे बोटानं काढले. त्यांचा श्वास परत आला तसा मी तो लोटा अंगणात भिरकावला. "यमानं काढली आठवण! जीव घेता का त्यांचा?"

"बहिणीच्या हातचं पाणी नाही तं भाऊबीज कायची?" आत्याबाई रडायले लागली. वीरेंद्र मलेच म्हणे, "पाहुण्यांसमोर तरी हळू बोल." जळो मेलं! माझ्या बाजूनं बोलणारं त्या घरात एक माणूस नव्हतं.

आत्याबाई पंगतीत बसली नाही. रुसली असंल, रुसू दे, म्हणून मी विचारलंही नाही. पंगत उठल्यावर खरकटं टाकायले सांदवाडीत, घरामागच्या परसात गेली, तं ती तिथं भिंतीकडे तोंड करून जेवून राहिली होती. भात वरणात पार कालवलेला. घास घेतला की ठसका, आणि आवाज बाहेर पडू नये म्हणून तोंडात पदराचा बोळा.

"आत्याबाई! हे केव्हापासून?"

"हळू बोल वं. केव्हापासून ते आठवतही नाही. घरची सून म्हणते, म्हातारी नाटकं करते. म्हणून सारे जेवले की मी मागून जेवते."

"मग मघाशी आठवण काढली असं काऊन बोलल्या? तुम्हाले तं माहीत होतं!"

"मलेबी सारे हेच म्हणतात," ती म्हणाली. "ऐकून ऐकून मीबी तेच मानलं."

इतका राग आला मले, आणि रडूही आलं. हाताले धरून तिले आत आणलं, मामाजींजवळ ताठ बसवलं. घट्ट पाण्याची वाटी आणून मामाजींपुढे चमचा धरला तं त्यांनी तोंड फिरवलं. मग हात वाटीले लावून त्यांनी ती बहिणीकडे सरकवली.

"हनु...वटी खाली," मामाजी अडखळत म्हणाले.

आत्याबाईनं मान खाली घातली, चमचा घेतला, गिळला. आम्ही सारे वाट पाहून राहिलो. ठसका आला नाही.

"दादानं ओवाळणी घातली," ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.

"उद्या दोघंही चला चेतना मॅडमकडे," मी म्हटलं. "आणि जातानी बाजारातून जायचं. त्या बायकांले तुम्हीच सांगा, मी पाणी देते का नाही ते."