रस्त्यातल्या गाड्या

साखर कारखान्याचा ऊस पिळणारा रोलर सकाळी मोडला आणि ऊसतोड थांबवायचा निरोप गावोगाव गेला. गाडीतळावर बैलांसाठी पाण्याचा टँकर लावायचा का, असं शेतकी अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा तरुण इंजिनिअर लालासाहेबानं ऐटीत आलेख पसरला. भोकांनी आकडे नोंदवलेल्या पंचकार्डांचा गठ्ठा घेऊन तो स्वतः पुण्याला गेला होता, तिथल्या संगणकावर काढलेला आलेख. निरोप सुटला की गाड्या लगेच ओसरू लागतात, दुपारी तळ निम्मा रिकामा. "टँकर नको," तो म्हणाला. टँकर दुसरीकडे गेला.

दुपारी तळ भरला, मग रस्ता भरला, तरी उंब्रजकडून गाड्या येतच राहिल्या. खिडकीत उभ्या लालासाहेबाला चूक तिथंच कळली. संगणकाच्या ज्या भाषेत त्यानं हिशेब मांडला होता, तिच्यात निघणं आणि पोचणं यांतला उशीर दोन तऱ्हांनी मांडता येतो. एक उशीर आत गेलेलं जसंच्या तसं धरतो आणि ठरल्या वेळेनं सोडतो. आत अचानक थांबलं, तर बाहेरही अचानकच थांबतं, पण नंतर. दुसरा सगळं कालवून सरासरी काढतो, मग आत अचानक थांबलं, तर बाहेर त्याच क्षणापासून हळूहळू उतरताना दिसतं. त्यानं दुसरा घेतला होता, कारण रेघ देखणी येत होती. आधीच वाटेला लागलेल्या गाड्या त्या रेघेत विरून गेल्या. गाडीवानाच्या घरात वाढलेल्या पोरानं हे विसरावं, याची त्याला भयंकर लाज वाटली.

टँकर परत बोलावला, पण तोही आता वाटेतच होता. लालासाहेब तळावर गेला. ज्यानं त्याला पोसलं, शिकवलं, तो आकाराममामा जोखडापाशी बसला होता. एक बैल आडवा पडलेला, तोंडाला फेस. भोवतीचे गाडीवान चिडले होते आणि मामा त्यांना समजावत होता.

"माजा भाचा हाय हितं. त्यानं टँकर सांगितलाच आसंल. खालच्यांनी घोळ घातला."

"मामा, टँकर मीच नको म्हनलो. हिशेब माजाच चुकला."

मामानं आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल रं. मानसं ऐकत्यात."

लालासाहेबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा मामानं शिवी घातली असती तर बरं. तो वळला आणि तेच पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

मामानं डोक्याचा पटका सोडला आणि बैलाचं तोंड पुसू लागला.

"सकाळधरनं ह्यास्नी तुजंच कवतिक सांगत बसलो हुतो," तो म्हणाला. मान वर केली नाही.