रेडिओ बंद करायची सवय

वडीगोद्रीच्या बचाव पथकानं आपल्या जुन्या वायरलेस सेटांत काल नवं फर्मवेअर, म्हणजे सेटच्या आतलं सॉफ्टवेअर, भरलं. जीपमधला तेवढा राहिला आणि बाकीच्यांशी बोलेनासा झाला. आज गोदावरीला वरून पाणी सुटलं, मोबाईलची रेंज गेली, आणि अप्पाराव गुरुजींची लेक सुमेधा पथकाच्या बोटीत होती. तिला माघारी बोलवायचं तर हा सेट अपडेट करणं भाग होतं. मधेच बंद झाला तर तो कायमचा निकामी, नुसती वीट होणार होता, आणि विटेचं कुणी ऐकत नाही.

सेटला जोडलेल्या लॅपटॉपवरची अपडेटची पट्टी भरत आली. गुरुजी जीपमध्ये तिच्यावर नजर लावून बसले होते. तेवढ्यात अजान सुरू झाली आणि अजमत ड्रायव्हरचा हात जन्माच्या सवयीनं सेटच्या बटणाकडे गेला.

"अजमतभाई, न्हाई!" गुरुजींनी तो हात गच्च धरला.

"अजान होऊन राह्यली, गुरुजी. रेडिओ बंद नको?"

"हा गात न्हाई हो!"

पट्टी भरली. गुरुजी माईकमध्ये ओरडले, "सुमेधा, फिर मागं!"

खरखर. पुन्हा खरखर. मग आवाज आला, "फिरलो आम्ही, बाबा."

गुरुजींनी माईक खाली ठेवला.

"आता तरी हात सोडा," अजमत म्हणाला. "नमाजला जायचंय."