एक दात पुढे

मोटरसायकलच्या सिलिंडरमागचा टेन्शनर काढून मी त्या भोकात बोट घातलं, तेव्हा गॅरेज चार बोटं लहान झालं.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. बोट घालण्याची पद्धत काही माझी एकट्याची नाही, विट्यातले सगळे जुने मेकॅनिक तेच करतात. टेन्शनर बाहेर असला की आतली टायमिंग चेन सैल पडते, दात चुकवते आणि इंजिनाची वाट लागते. म्हणून दुसरा पार्ट बसेपर्यंत चेन बोटाने दाबून धरायची. पुस्तकात हे लिहिलेलं नाही. पुस्तकवाल्यांचे हात काळे होत नाहीत.

नवा टेन्शनर समोर फडक्यावर तयार होता. मी बोट बाहेर काढायला गेलो, तर आत टक् झालं आणि बोट एक दात पुढे गेलं. टेन्शनरचं असंच असतं, पुढे सरकतो, मागे येत नाही. मागची भिंत टांगलेल्या टायरांसकट जवळ आली.

माझी मुलगी शलाका पाठीला सॅक लावून दारात उभी होती. तिला चिपळूणला नोकरी लागली होती आणि हीच मोटरसायकल घेऊन ती आज निघणार होती.

"झालं का, आबा?"

"चेन वाजतीया. घाटात दगा दील."

"काल तर वाजत नव्हती."

खरं म्हणजे ती आजही वाजत नव्हती. जुना टेन्शनर ठणठणीत होता, मी तो उगाच काढला होता. टक्. चौकट शलाकाच्या खांद्यांना लागली, तशी ती आत आली.

पलीकडच्या स्वयंपाकघरातून माझी बायको इंदू ओरडली, "अवं, भिंत कट्ट्यावर आली. भाकरी कुठं थापू?"

"हातावर थाप," मी म्हणालो.

जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून शलाका गाडीवर बसली.

"जाऊ नको म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी कुठं म्हणालो तसं?"

टक्. वरचा पत्रा तिच्या हेल्मेटला टेकला.

तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. आठ वर्षांची असल्यापासून मागायच्या आधी दहाचा पाना माझ्या हातात ठेवणारी पोर ती. ती गेल्यावर पाना मागायचा कुणाकडे? हे सगळं मी तिला तिथेच मोठ्याने सांगितलं. बोट काही मागे आलं नाही. भिंती होत्या तिथे थांबल्या, एवढंच.

दार आता हँडलच्या रुंदीचं होतं. आणखी एक दात, की ती कायमची माझ्याजवळ राहिली असती.

"बोट निघंल कसं?" तिने विचारलं.

"इंजिन फिरलं की चेन सुटंल."

"आणि बोट?"

"तुटून जाईल."

"दुसरं काय करता येत न्हाई?"

"न्हाई."

तिने दाराकडे पाहिलं. दाराबाहेर रस्ता मात्र पहिल्याइतकाच लांब आणि रुंद होता. त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला.

मी मोकळ्या हाताने चावी फिरवली. शलाकाने किकवर पाय ठेवला, तोल सांभाळायला माझ्या खांद्याला धरलं आणि पत्र्याखाली वाकून सगळं वजन किकवर टाकलं.