तिसऱ्या वर्षाची नांगरट

खलील शहराच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत रस्मियाचं रान दोन वर्षं पडीक होतं. पेरायला उतरलं की वरच्या टेकडीवर कब्जा करून बसलेल्या वसाहतीतले लोक लाठ्या घेऊन धावत. तिसऱ्या वर्षीही नांगर लागला नाही, तर कायद्याने रान सरकारजमा. म्हणून आज काही झालं तरी नांगरायचंच, असं ठरवून ती दीर दियाबला आणि नांगराच्या गाढवाला घेऊन आली होती.

तिकडे आधी बी फेकतात आणि मग नांगराने झाकतात. सकाळीच तिने रानभर जव फेकले. दियाबच्या खिशात सरकारी वकिलाने कोर्टात दिलेला कागद होता: टेकडीवरची वसाहत बेकायदा आहे.

"वहिनी, गाढवाला कागद दाखव. सरळ चालेल."

"तू तर वाचलायस. तू कुठे सरळ झालास?"

नांगराची चार तासं, चार रेघा, ओढून झाली आणि वरून सहा जण आले. पहिल्याच लाठीने रस्मियाचं मनगट मोडलं. दियाबने कागद उंच धरला.

"अरे, तुमचंच सरकार म्हणतंय!"

त्याच्या तोंडावर दगड बसला. दात मातीत पडले. तो उठला, पुन्हा कागद दाखवू लागला, तेव्हा एकाने जवळून त्याच्या मांडीत गोळी घातली.

मग सैनिक आले. अधिकाऱ्याने रक्ताळलेला कागद शेवटपर्यंत वाचला.

"बरोबर आहे. सरकारची भूमिका हीच."

"मग हाकला की त्यांना!" रस्मिया ओरडली.

"त्यांना हटवायचा हुकूम आला, की हटवू. आजचा हुकूम तुमच्यासाठी आहे. रान बंद. दहा मिनिटांत निघा."

"आणि रुग्णवाहिका?"

"लष्कराच्या फाटकावर थांबलीय. परवानगी आली, की सोडतील."

तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि एक टोक दातांत धरून दियाबची मांडी आवळली. रक्त थांबेना.

"वहिनी, तू नांगर धर," तो म्हणाला. "मी काय पळून जातोय?"

"गप रे मेल्या."

तिने एकदा रानाकडे पाहिलं. जव उघडेच पडले होते. मग विळ्याने जोखडाचा दोर कापला आणि एका हाताने कसाबसा दीर गाढवावर पालथा घातला. सैनिक बघत उभे होते.

ओढ्यापर्यंत पोहोचले, तोवर वसाहतवाल्यांनी आपली मेंढरं रानात सोडली होती. ती भराभर जव वेचून खात होती.

"किती तासं झाली गं?" दियाबने डोळे मिटूनच विचारलं.

"सगळी झाली," रस्मिया म्हणाली आणि तिने गाढवाला काठी घातली.