लागली, बघितली

"एवढं एक कपाट तेवढं राहिलंय बघा, जगदाळे साहेब," विक्रमसिंह काटकर क्वार्टरच्या पायरीवरूनच म्हणाले. "तुमच्या ट्रॉलीत पीछे जागा आहे की चांगली. टाकून द्या. हो जाएगा."

दौलतसिंह जगदाळेनं आधी कपाटाकडे बघितलं, मग ट्रॉलीकडे आणि मग होणाऱ्या व्याह्यांकडे. कपाट लोखंडी, आरशाचं, चौघांनी उचलायचं. त्याच्या शेजारी विक्रमसिंहांच्या आईचं दगडी जातं आणि सरकारी कागदांच्या दोन पत्र्याच्या पेट्या. हे सगळं ट्रॉलीच्या अगदी मागच्या टोकाला, कारण पुढे मधोमध जनरेटर बसलेला. आणि ट्रॉली ज्या पिकअपला जोडली होती, ती मंडपाचे पाइप आणि गालिच्यांनी आधीच काठोकाठ भरलेली.

नाही म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम. सव्वीस वर्षं हा माणूस शहराच्या मोरार भागातल्या गोदामातून जनरेटरची ट्रॉली गावभर ओढत होता, आणि नवा ड्रायव्हर आला की त्याला पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचा: "नाक जड, शेपूट हलकी. ट्रॉलीचं वजन चाकाच्या पुढे पाहिजे, थोडा भार हुकावर बसलाच पाहिजे. शेपूट जड झाली की नाक वर उचलतं, आणि मग ट्रॉली गाडीला हलवते. गाडी ट्रॉलीला नाही." जगदाळ्यांच्या घराण्यात मागे जड ओढायचं काम पिढीजात. पणजोबा तोफखान्यात होते, बैलांच्या जोड्या लावून तोफा ओढायचे. दौलतसिंह हे सांगताना छाती जरा फुगवायचाच. फुगवू दे, त्याच्याजवळ फुगवायला दुसरं होतं तरी काय!

पण आठच दिवसांपूर्वी गरिमाची सुपारी फुटली होती. पोरगी सिटी सेंटरच्या बँकेत, मुलगा यशोधन इंजिनियर, वडील सरकारी ऑफिसातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. थाटीपुरचं क्वार्टर महिन्याअखेर सोडायचं होतं आणि नवा फ्लॅट फूलबागेच्या मागे. दौलतसिंह त्याच बाजूला एका लग्नाचं सामान घेऊन निघालेला. आदल्या संध्याकाळी विक्रमसिंहांचा फोन आला, "तुमची गाडी उद्या आमच्यावरूनच जाते ना?" आणि याच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही हुकूम करा फक्त." मुलीचा बाप. व्याह्यांनी पहिल्यांदा काही मागितलं आणि त्याला तोंडावर नाही म्हणायचं? आपल्यात असं कोणी म्हणतं का?

"टाका," दौलतसिंह म्हणाला. वर आणखी हसलाही.

कपाट चढलं तेव्हा पिकअपची मागची बाजू जराशी वर उचलली गेली. त्यानं ते बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं. विक्रमसिंह त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर रुबाबात बसले.

रेल्वेचा पूल चढेपर्यंत सगळं ठीक होतं. उतार लागला आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं. आरशात ट्रॉली डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग आणखी जास्त डावीकडे. अशा वेळी काय करायचं ते दौलतसिंहाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ब्रेकला पाय लावायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि गाडीला आपसूक मंदावू द्यायचं. त्यानं पाय उचललाही होता.

"अहो, ब्रेक मारा! ब्रेक!" विक्रमसिंह ओरडले.

आणि त्यानं ब्रेक मारला. व्याही म्हणाले म्हणून मारला! नंतर कितीतरी वेळा त्यानं तो क्षण आठवला, आणि प्रत्येक वेळी त्याला स्वतःच्या पायाची किळस आली.

ट्रॉलीनं मागून हिसडा दिला. हुकाच्या पिनची क्लिप तुटली, पिन उडाली, साखळीनं क्षणभर धरलं आणि तिचीही कडी उघडली. जनरेटरसकट ट्रॉली दुभाजकावर चढून आडवी झाली. देवाची कृपा म्हणा की सकाळची वेळ म्हणा, मागे कोणी नव्हतं. एक दूधवाला शंभर पावलांवर मोटारसायकल थांबवून उभा राहिला आणि नुसता "अरे बाप रे, अरे बाप रे" करत राहिला.

विक्रमसिंह खाली उतरले, कपड्यांवरची धूळ झटकली. डोकं शाबूत होतं. यशोधन मागून लोडिंग ऑटोत उरलेलं सामान घेऊन येत होता. दहा मिनिटांत त्याच ऑटोत कपाट, जातं आणि पेट्या चढल्या. कपाटाचा आरसा तेवढा फुटला होता.

"जगदाळे साहेब," जाताना विक्रमसिंह हळूच म्हणाले, "आमचं नाव यात कुठे यायला नको हं. चार लोकांत चर्चा होते. समजा ना."

"नाही नाही. तुमचं नाव कशाला," दौलतसिंह म्हणाला.

मालकीणबाई सुधाताई पोहोचल्या तेव्हा रस्त्यावर आडवी ट्रॉली, तेलाचा ओघळ आणि दुभाजकाशी पडलेली पिन एवढंच होतं. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं हा टेंट-जनरेटरचा धंदा चालवला होता. आरडाओरडा करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी पिन उचलली, उलटसुलट करून बघितली.

"क्लिप नाहीये हिला. सकाळी कोणी लावली होती? दिनकररावांनीच ना?"

दौलतसिंह गप्प बसला.

तो काही बोलला नाही, एवढंच. खोटंही बोलला नाही. पण त्या गप्प बसण्यातच सगळं झालं. सुधाताईंनी पिन पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "वय झालं त्यांचं. माझीच चूक, मी बघायला हवं होतं."

आता हे दिनकरराव कोण ते सांगायला हवं. दिनकरराव गर्दे, सहासष्ट वर्षांचे, गोदामातले मिस्त्री. घराण्यात पूर्वी दरबारचे पुरोहित होते म्हणे. यांनी मात्र पोथी सोडून पाना धरला. पण शिस्त तीच. ट्रॉली जोडताना ते स्वतः खाली वाकून पिन घालायचे, क्लिप लावायचे, साखळी फुलीसारखी अडकवायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "लागली!" मग दौलतसिंह खाली वाकायचा, हात लावून बघायचा आणि तितक्याच मोठ्यानं म्हणायचा, "बघितली!" या दोन हाळ्या झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही. गोदामातले बाकीचे त्यांची थट्टा करायचे, "झाली का यांची आरती?" दिनकरराव म्हणायचे, "झाली बाबा, प्रसाद घ्या आणि कामाला लागा."

त्या सकाळीही दिनकरराव "लागली" म्हणाले होते. आणि दौलतसिंहानं स्वतःच्या बोटांनी क्लिप चाचपून "बघितली" म्हटलं होतं.

दिनकरराव दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत. त्यांना कोणी काढलं नव्हतं. सुधाताईंनी दोनदा निरोप पाठवला तर म्हणाले, बरं वाटत नाही. दौलतसिंह रोज गोदामात यायचा, दुसऱ्याच कोणीतरी जोडलेली ट्रॉली घेऊन निघायचा आणि रस्ताभर मान खाली घालून गाडी चालवायचा. लग्नाच्या खरेदीत त्याचं लक्ष लागेना. मंदाताईनं, बायकोनं, एकदा विचारलं, "अहो, पोरीच्या लग्नात असं तोंड पाडून बसतात का?" तर तो तिच्यावरच डाफरला. मग त्याचीही त्याला लाज वाटली. आता लाज वाटायला काही लागायचंच नाही, ती जागेवरच असायची.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, दिनकरराव दौलतसिंहाच्या घरी आले. हातात त्यांची पत्र्याची पेटी, जिला ते कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"दौलत, ही तू ठेव," त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. "पिना आहेत, क्लिपा आहेत, माझे पाने आहेत. मी आता येत नाही."

"अहो दिनकरराव, असं काय करता..."

"थांब, मला एक विचारायचंय." दिनकरराव खुर्चीत पुढे सरकले. चेहरा पार उतरला होता. "मला आठवतं की मी क्लिप लावली. बोटांना आठवतं रे. पण मग ती पडली कशी? तू सांग. त्या दिवशी मी 'लागली' म्हटलं होतं का?"

गरिमा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. भिंतीवर लग्नाची तारीख लाल शाईनं गोल केलेलं कॅलेंडर होतं. दौलतसिंहानं त्या कॅलेंडरकडे बघितलं.

"आठवत नाही हो," तो म्हणाला. "गडबड होती त्या दिवशी."

दिनकररावांनी दोनदा मान हलवली. "बरं," म्हणाले. "वाटलंच मला." चहा अर्धाच प्याले. जाताना चपला घातल्या, जिना उतरले आणि परत वर आले. "मी माझा चष्मा इथे ठेवला नाही ना?" चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

दार लागल्यावर गरिमा म्हणाली, "बाबा, कपाट त्याच ट्रॉलीवर होतं ना?"

"कोणतं कपाट?"

"बाबा, प्लीज. यशोधननी मला आरशाचं सांगितलं. म्हणाला, पुलावर टूट गया." ती खाली बसली. "तुम्ही मला स्कूटी शिकवली तेव्हा पीछे गॅसचा सिलिंडर नाही ठेवू दिला. नाक जड, शेपूट हलकी. मला सब याद आहे. मग गर्दे काकांना असं का सांगितलंत?"

"तुझ्यासाठी," असं तो म्हणणार होता. पण तेही खोटंच होतं. गरिमानं थोडंच मागितलं होतं हे? मोठ्या घरचे व्याही मिळाले म्हणून तोच हरखून गेला होता. तो काही बोलला नाही. पण पोरीसमोर त्या गप्प बसण्याचा त्याला पहिल्यांदा वीट आला.

त्यानं आधी विक्रमसिंहांना फोन केला. सगळं सांगणार आहे, तुमचं नावही घ्यावं लागेल, माफ करा, असं एका दमात म्हणून टाकलं. मग विक्रमसिंह म्हणाले, "मला यातलं काय कळतं, जगदाळे साहेब? तुम्हाला कळत होतं. तुम्ही तेव्हाच नाही म्हणायचं होतं." आणि फोन ठेवला. लग्न मोडलं की राहिलं, काही कळायला मार्ग नव्हता. पण त्याला झोंबलं ते दुसरंच. माणूस बोलला त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं.

सोमवारी सुधाताईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. रागावल्या, पण आवाज चढवला नाही.

"ट्रॉलीचं काय, ती दुरुस्त झाली. मला सांगून काय उपयोग? दिनकररावांना बोलावते. त्यांच्यासमोर सांग. सगळ्यांसमोर."

दुपारी दिनकरराव आले. गोदामात सात-आठ माणसं होती. दुरुस्त होऊन आलेला जनरेटर ट्रॉलीवर चढत होता. दौलतसिंह मधोमध उभा राहिला.

"दिनकरराव, तुम्ही पिन लावली होती. 'लागली' म्हटलं होतं. मी हात लावून 'बघितली' म्हटलं होतं. ट्रॉली माझ्यामुळे पडली. व्याह्यांचं कपाट मी मागच्या टोकाला घेतलं, आणि उतारावर ब्रेक मारला. मला सगळं आठवत होतं. काल मी तुमच्याशी खोटं बोललो."

दिनकरराव त्याच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे लागली होती," ते म्हणाले.

"लागली होती."

"अरे, मग सांगायचंस की रे!" त्यांचा चेहरा क्षणभर लहान मुलासारखा उजळला आणि मग हळूहळू ओढल्यासारखा झाला. "बारा दिवस, दौलत. रात्री उठून हिला विचारतो, गॅस बंद केला का, कुलूप लावलं का. ती म्हणते लावलं, तरी जाऊन बघतो. बँकेत सही करताना हात थांबला माझा. वाटलं, आपलं नाव बरोबर लिहितोय ना?" त्यांनी डोळे पुसले. "शिव्या देऊ का तुला? काय करू?"

"द्या," दौलतसिंह म्हणाला. खरंच द्याव्यात असं त्याला वाटत होतं. पायांवर डोकं ठेवायला तो वाकला, तर दिनकररावांनी त्याच्या खांद्याला धरून त्याला सरळ केलं. "पुरे. तमाशा नको," म्हणाले. शिव्या काही दिल्या नाहीत.

लग्नाआधीचा टिळा ठरल्या दिवशीच झाला. विक्रमसिंह आले, रीतीप्रमाणे गळाभेट झाली, आणि दिवसभर ते दौलतसिंहाशी जेवढ्यास तेवढं बोलले. त्याची त्यानं तक्रार केली नाही.

दिनकरराव पुढच्या आठवड्यात कामावर परतले. दौलतसिंहानं पत्र्याची पेटी धुऊनपुसून त्यांच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली होती. सकाळी पहिलीच गाडी फूलबागेची. दौलतसिंहानं सामान स्वतः लावलं होतं, जड ते पुढे, हलकं ते मागे, आणि ट्रॉलीच्या शेपटीवर रिकाम्या जागेखेरीज काही नव्हतं. दिनकरराव खाली वाकले. पिन घातली, क्लिप लावली, साखळी फुलीसारखी अडकवली.

"लागली!" ते म्हणाले. आवाज पूर्वीइतका मोठा नव्हता.

दौलतसिंह वाकला, बोटांनी क्लिप चाचपली. "बघितली!"

या वेळी कोणी थट्टा केली नाही. दौलतसिंह गाडीत चढला, चावी फिरवली आणि सवयीनं आरशात बघितलं. दिनकररावांनी त्याची हाळी ऐकली होती, मानही हलवली होती. आता ते गुडघ्यावर हात टेकून पुन्हा खाली वाकले होते आणि क्लिप स्वतः ओढून बघत होते.

दौलतसिंहानं इंजिन बंद केलं आणि ते उठेपर्यंत थांबला.