विहीणबाईंची घाण

माईंच्या घरात धुळीला बसायला कुणी सांगत नसे. खिडकीच्या गजांपासून नळाच्या मानेपर्यंत सगळं असं लखलखायचं, की आलेला माणूस आधी आपलेच पाय बघायचा. अशा बाईच्या बाहेरच्या खोलीत सुनेने चार फुटी काचेची टाकी आणून ठेवली, तिच्यात खारं पाणी भरलं, दगड रचले, आणि तीन महिने आत काही सोडलंच नाही. मासा नाही, मासोळी नाही. नुसते बुडबुडे. हळूहळू काचांवर तपकिरी थर चढला, दगडांना हिरवी लव फुटली, आणि माईंचा हात येता-जाता फडक्याकडे जायला लागला.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांची नजर तपासायची आणि घरची घाण हिला दिसू नये! माई हे मनात म्हणायच्या. कधी मोठ्याने म्हणायच्या. मोठ्याने म्हटलं की त्यांना जास्त बरं वाटायचं.

तर ज्या दिवशी सुनेचा ऑक्टोपस, तो आठ पायांचा पाहुणा, येणार होता, त्या दिवशी सकाळीच सून आणि लेक गाडी घेऊन निघाले. जाऊन येऊन सहा तासांची वाट. लेक सुतारकाम करायचा, टाकीचं झाकणही त्यानेच बनवलेलं. दारातून सून वळली.

"माई, टाकीला हात लावू नका हं."

"मी कशाला लावतेय?"

"नाही, सांगून ठेवलं आपलं."

आता हे सांगून ठेवणं माईंना झोंबलं. पाहुणा येणार, तोही पहिल्यांदा, आणि त्याने हे असलं शेवाळलेलं घर बघायचं? नाव कुणाचं जाईल? सुनेचं नाही जाणार. लोक म्हणतील, सासूने काय शिकवलं. माईंनी पदर खोचला.

दीड तासात त्यांनी ती टाकी उपसली, काचा घासल्या, सात पाण्यांनी धुतल्या. दगड तारेच्या घासणीने खरवडले आणि गॅलरीत उन्हात मांडले, लहान-मोठे ओळीने. मागे गाळणीच्या डब्यात काळाकुट्ट स्पंज सापडला, तो साबणाच्या फेसात पिळपिळ पिळला आणि चिमटा लावून दोरीवर टाकला. झाकण घासताना एक कडी हातात आली, ती त्यांनी ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघायचं टाळलं. मग सुनेने निळ्या पिंपात भरून ठेवलेलं राखीव खारं पाणी आत ओतलं. टाकी अशी चमकली, की माईंना तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं. तोंड खूश होतं.

तेवढ्यात सुनेचा फोन आला.

"माई, मिळाला! काय गोड आहे हो. मुठीएवढं डोकं. बरं, काचेवरचे ते तपकिरी डाग आहेत ना?"

"त्यांचं काय?"

"काही नाही, आठवण आली म्हणून. तीन महिने वाढवलेत मी ते."

"वाढवलेस? घाण?"

"घाण नाही हो, जंतू आहेत त्यात. चांगले जंतू. दगडात, स्पंजात, सगळीकडे. ऑक्टोपस फार घाण करतो, ती हे जंतू खातात. ते नसले तर बिचारा स्वतःच्याच घाणीने दोन दिवसांत मरेल. माझ्या माहेरची टाकी कशी वीस वर्षं पिकलीय, तशी आपली आत्ता कुठे पिकली. तीनपर्यंत पोचतो आम्ही. माई? ऐकताय ना?"

"ऐकतेय," माई म्हणाल्या आणि खाली बसल्या. बसायला खुर्ची नव्हती तिथे, तरी बसल्या.

अकरा वाजले होते. दोरीवर स्पंज वाऱ्याने डुलत होता, लख्ख पिवळा. माईंनी आजवर कितीतरी गोष्टी बिघडवल्या असतील, पण एवढ्या स्वच्छ करून कधी बिघडवल्या नव्हत्या. तीन महिने ही पोर रोज कामावरून येऊन, चपला काढायच्या आधी, त्या रिकाम्या टाकीत डोकावायची. आणि आता ती एक जिवंत जीव मांडीवर घेऊन येत होती, मरायला.

जंतू कुठून आणायचे? दुकानात मागावेत, तर काय म्हणून मागावेत? वीस वर्षं पिकलेली टाकी गावात एकच होती, आणि ती विहीणबाईंकडे.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. पण हरीने त्या गाढवाला आधी काही बोललेलं नव्हतं. माई बोलल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी, दहा पाहुण्यांच्या देखत, विहीणबाईंच्या टाकीपुढे उभं राहून त्या म्हणाल्या होत्या, "आत मासा आहे, की आहे असं नुसतं सांगता?" तेव्हापासून दोघी एकमेकींना रस्त्यात दिसायच्या, आणि दोघींनाही त्याच क्षणी दुसरीकडे काहीतरी बघायचं असायचं.

माईंनी झाकणाची बादली घेतली आणि निघाल्या.

चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर तिसरा मजला. विहीणबाईंनी दार उघडलं, बादलीकडे बघितलं, माईंकडे बघितलं, आणि दारातच उभ्या राहिल्या.

"आज इकडे कुठे? वाट चुकलात?"

"विहीणबाई, जरा काम होतं."

"बोला की."

"तुमच्या टाकीतलं थोडं... ते हवं होतं."

"ते म्हणजे? मासा?"

"मासा नको. ते, दगडांवर असतं ते."

"काय असतं दगडांवर?"

कळत होतं बाईला सगळं. डोळेच सांगत होते. माईंनी जिन्यात वर बघितलं, खाली बघितलं. कुणी नव्हतं.

"घाण," माई म्हणाल्या. "तुमची घाण द्या मला थोडी."

विहीणबाईंनी ते शब्द एकदा कानात नीट मुरू दिले. मग म्हणाल्या, "या आत. बसा. सावकाश सांगा, मला घाई नाही."

माईंनी सांगितलं. स्पंजाचं सांगितलं तेव्हा विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. दोरीचं सांगितलं तेव्हा त्या उठून खिडकीशी गेल्या. त्यांची पाठ हलत होती. रडत नव्हत्या त्या, हे माईंना पक्कं ठाऊक होतं.

"साबण राहिला नाही ना कुठे?"

"माझ्या धुतलेल्याला साबणाचा वास आला, असं अजून कुणी म्हणालेलं नाही."

"ह्यांनी सांगितलं होतं मला," विहीणबाई म्हणाल्या. व्याही जहाजावर आचारी होते, त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. "म्हणाले, मी नसलो तरी टाकीला खरवडायला जाऊ नकोस. मी नाही गेले. काही माणसांना सांगितलेलं कळतं."

माईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं धारदार. त्यांनी ते गिळलं. असलं काही गिळायची सवय नसल्याने ठसकाच लागला.

मग मात्र विहीणबाईंनी वेळ घालवला नाही. बाह्या सारून त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातले, चार मोठे दगड काढले, गाळणीतला अर्धा स्पंज कात्रीने कापला, सगळं बादलीत त्याच पाण्यात बुडवलं. वास असा, की माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात खरंच एक म्हातारा नारिंगी मासा कोपऱ्यातून बाहेर आला.

"हा बघा मासा," विहीणबाई म्हणाल्या. "आता चला. मी येते. तुमच्या एकटीच्या हातात दिली तर वाटेत धुवाल."

भर दुपारी दोघी विहिणी बादलीचे दोन कान धरून रस्त्याने निघाल्या. एक उंच, एक बुटकी, त्यामुळे पाणी बुटकीच्या पायावर. बुटक्या माई. समोरून ओळखीची शिंपीण आली.

"काय हो माई, काय नेताय?"

"घाण," विहीणबाईंनी सांगितलं. "ह्यांना हवी होती."

घरी आल्यावर माईंच्या खोलीत पहिल्यांदा दुसऱ्याच कुणाचं राज्य सुरू झालं. दगड इथे ठेवा. असा नाही, भोक पुढे, त्याला लपायला जागा नको? स्पंज दाबू नका हो, नाक पुसल्यासारखा. हात पुसू नका, तसेच घाला आत. माई हात तसेच घालत होत्या. मधेच त्यांनी सवयीने फडकं उचललं, तर विहीणबाईंनी नुसतं "अंहं" म्हटलं, आणि फडकं परत खुंटीवर गेलं.

तीनच्या ठोक्याला सून खोका छातीशी धरून आत आली. सासू आणि आई शेजारी शेजारी बसलेल्या बघून ती जागीच थांबली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही गेलं. ये," विहीणबाई म्हणाल्या.

सुनेने टाकीकडे बघितलं. काचा बघितल्या. दगड बघितले. "हे बाबांचे दगड आहेत."

विहीणबाई काहीतरी बोलणार होत्या, सारवासारवीचंच असावं. पण माईंना दुसऱ्याने झाकलेलं आवडत नाही.

"मी धुतली," माई म्हणाल्या. "साबणाने. तू नको म्हणालीस, तरी धुतली. मग तुझ्या आईकडे जाऊन घाण मागून आणली. तोंडाने मागितली."

सून चिडली असती तर माईंना बरं वाटलं असतं, चिडलेल्या माणसाला उत्तर देता येतं. तिने खोका उघडला, आतल्या पिशवीच्या पाण्यात बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडायला लावलं, आणि काचेच्या कुपीत टाकीचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले.

"हिरवं झालं तर पाणी विषारी, परत न्यायला लागेल ह्याला," लेक हळूच म्हणाला. "पिवळं राहिलं तर ठीक."

चौघं कुपीकडे बघत बसले. पिशवीतूनही एक आडवा डोळा बघत होता.

पिवळं राहिलं.

"पंधरा दिवस रोज तपासायचं. आई, तू रोज ये," सून म्हणाली. आपल्या आईला म्हणाली. माईंनी तेही गिळलं, आता ठसका लागला नाही.

दीड तासाने पिशवी टाकीत वाकवली. पाहुणा निघेना. आठही हातांनी पिशवी धरून बसला, सासरी जाताना दाराची चौकट धरावी तसा. मग एकाएकी सुटला, विहीणबाईंच्या दगडावर बसला, तपकिरी झाला, आणि दिसेनासा झाला.

"कुठे गेलं ते?"

"माझ्या घाणीत," विहीणबाई म्हणाल्या. "चांगली जागा ओळखली बघा त्याने."

लेकाने झाकण लावलं. दोन मिनिटं झाली नसतील, तोच कोपऱ्यातून झाकण उचललं गेलं आणि एक बारीक शेंडा बाहेर येऊन हवेत चाचपू लागला.

"कडी लावली नाही का?" सून ओरडली.

"एक सांगायचं राहिलंच," माई म्हणाल्या.

"माई!"

"घासताना तुटली. जुनी होती."

"गेल्या आठवड्यात बसवली मी ती, आई," लेक म्हणाला आणि गाडीतून लाकडं आवळायचे क्लॅम्प आणायला पळाला.

"धरा! माई, तो कोपरा धरा!"

माईंनी दोन्ही तळवे टेकले आणि अंगाचा सगळा भार टाकला. सून एका कोपऱ्यावर, विहीणबाई दुसऱ्या. तो शेंडा माईंच्या बोटाला येऊन गुंडाळला गेला, गार, चिकट, आणि एकेका इवल्या वाटीने चोखायला लागला.

"हा बोट खातोय माझं!"

"चव बघतोय. त्यांना हाताने चव कळते."

"कशी लागतेय विचार त्याला."

"साबणासारखी," विहीणबाई म्हणाल्या.

सून आधी नाकातून फुसकन हसली, मग तोंडाने, मग तिला झाकण धरवेना. "माई, सोडू नका हं!"

"मी सोडणारी दिसते का तुला? तू हस पोटभर. इकडचं मी बघते."

लेकाला क्लॅम्प सापडायला वीस मिनिटं लागली, सगळ्या लाकडांच्या खाली होते. तोवर माई हलल्या नाहीत. नाक खाजलं तरी हलल्या नाहीत. सुनेने दोन कोपरे स्वतः आवळले, आणि तिसरा क्लॅम्प माईंपुढे धरला.

"हा तुम्ही लावा."

माईंनी तो असा आवळला, की दुसऱ्या दिवशी पाहुण्याला खायला घालायची वेळ झाली तेव्हा तो सुनेला सुटेना, लेकाला सुटेना, आणि शेवटी माईंनाच हाक मारावी लागली.